कुमारी मुक्ता बक्षी यांचा कार्यानुभव

अनुभव हा असा पदार्थ आहे की तो तयार करायला तोच आधी थोडा हाताशी असावा लागतो. घरात याला विरजण म्हणतात, आणि ते शेजारून मागून आणता येतं. नोकरीच्या जाहिरातीत याला 'किमान दोन वर्षे' म्हणतात, आणि ते शेजारी देत नाहीत. जगातलं पहिलं दही कसं लागलं असेल, यावर मनुष्यबळ विभागांनी अद्याप मत दिलेलं नाही.

उज्जैनच्या मुक्ता बक्षीकडे हा पदार्थ नव्हता. तिच्याकडे रसायनशास्त्रातली एम.एस्सी. होती. नानाखेड्याच्या 'निर्मलधारा जल परीक्षण प्रयोगशाळे'त विश्लेषकाची जागा निघाली होती, ती तिला हवी होती. कशासाठी, ते सांगायला हवं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजताना ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब द्रावण सोडतात, आणि एका थेंबाला फ्लास्कमधला निळा रंग एकदम नाहीसा होतो. त्याच्या आधीचा थेंब मुक्ताला ओळखता येतो. हे सुख ज्यांना माहीत नाही त्यांना समजावता येत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते बहुतेक बँकेत आहेत.

नोकरी मिळाली नाही तर काय करायचं, हेही घरात ठरलेलं होतं. वडील अरविंद बक्षी यांनी पुढच्या दोन खोल्यांना रंग देऊन 'होमस्टे' काढायचं योजलं होतं. चालवायला मुक्ता होतीच. "घरचीच मुलगी आहे, आणि तिला आदत आहे," असं ते म्हणत. यात खोटं काही नव्हतं.

उज्जैनमधल्या मराठी घराला नातेवाईक कमी पडत नाहीत. पुणे, मुंबई, नागपूर इथला कोणताही मराठी माणूस अशा एखाद्या घरापासून फार तर तीन नात्यांच्या अंतरावर असतो (साडूच्या विहिणीचा भाचा हा तीनमध्येच धरला आहे). त्याला महाकालाचं दर्शन घ्यायचं असतं आणि लॉजपेक्षा घरचं बरं वाटत असतं. नववीत असल्यापासून मुक्ता या मंडळींची आधार कार्डं गोळा करून भस्मारतीची नोंदणी करत होती. त्यांना स्टेशनवरून ऑटोत बसवून आणत होती, सोवळं विसरून आलेल्या जावईबापूंना धोतर नेसवणारा माणूस शोधत होती, आणि "पोहे इंदूरचे चांगले की इथले?" या प्रश्नाला कुणाचं मन न दुखवता उत्तर देत होती. याला कुणी काम म्हणत नसे. पाहुणे निघताना आईला विचारत, "मुक्ता सध्या काय करते?" आणि "काहीच नाही" हे उत्तर प्रसादाबरोबर घेऊन जात.

घरात बायोडेटाचा नमुना एकच होता, तो लग्नाचा. मुक्ताने त्यातून उंची, रास, देवक आणि 'मनमिळाऊ' काढून टाकलं. नाव आणि पत्ता उरला. त्याखाली तिने पदवी लिहिली, आणि पुढे एक ओळ: 'क्षिप्रेच्या चार घाटांवरील पाण्यातल्या विरघळलेल्या प्राणवायूचा वर्षभराचा अभ्यास.' एवढं लिहूनही पान जवळजवळ कोरंच राहिलं.

अशांसाठी फ्रीगंजमध्ये, चष्म्याच्या दुकानावर, 'उत्कर्ष करिअर केंद्र' आहे. तिथले पराग सर अनुभव नसलेल्यांना अनुभवी करून देतात. (ते स्वतः चार कंपन्यांचे माजी कर्मचारी आहेत. कंपन्याही माजी आहेत.)

"मॅडम, प्रॉब्लेम असा आहे की तुम्ही खरं लिहिलंय," कागद पाहून सर म्हणाले. "खरं लिहिण्यात काही बुराई नाही. पण बघा ना, केवढंसं दिसतंय!"

"तेवढंच केलंय, सर."

"असं कसं? दिवसभर घरी काय करता?"

"पाहुणे असतात."

"कौन से पाहुणे?"

मुक्ताने सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

"अरे यार! आणि हे तुम्ही दबाके बसला होतात?"

पुढची प्रक्रिया भौतिक स्वरूपाची होती. तीत वस्तुमान कायम राहतं, आकारमान वाढतं. विहिणीच्या भाच्याला स्टेशनवरून आणणं हे 'आंतरराज्य प्रवासी वाहतुकीचं नियोजन' झालं. आधार कार्डांचं 'संवेदनशील माहितीचं व्यवस्थापन' झालं. न कळवता उतरलेल्या नऊ माणसांना केलेला पिठलं-भात 'आपत्कालीन प्रतिसाद' ठरला, आणि पोह्यांचं उत्तर 'संघर्ष निवारण'. शाळेत असताना एका सिंहस्थात मुक्ता गच्चीत झोपलेल्या पाहुण्यांना पांघरुणं वाटत होती, ते 'महाकुंभ पातळीवरील गर्दी नियंत्रण' या शीर्षकाखाली अर्धं पान पुरलं. तिने काढलेलं 'मनमिळाऊ' सरांनी 'टीम प्लेअर' म्हणून परत घेतलं.

क्षिप्रेच्या ओळीपाशी सर थांबले. "ही काढू या. जागा खातेय."

"पण सर, नोकरी तर पाणी तपासायचीच आहे."

"म्हणून तर! ते सगळेच लिहिणार. आणि नदीत काय कमी, काय जास्त, हे आपण कशाला बोलायचं? निगेटिव्ह लगता है."

मुक्ता सहसा वाद घालत नाही. तिने घातला. तडजोड म्हणून ती ओळ तिसऱ्या पानाच्या तळाशी, 'छंद' या सदरात, गाणी ऐकणे याच्यानंतर राहिली.

मुलाखतीच्या आधी तिने सगळी समीकरणं पुन्हा सोडवून पाहिली. निर्मलधारेचे व्यवस्थापक अभिजीत सर पहिलं पान वाचून सावरून बसले, आणि दुसऱ्या पानावर त्यांनी चष्मा काढला.

"हे भस्मारतीचं, तुम्ही खुद करता?"

"हो सर. पण सर, शेवटी एक ओळ आहे, पाण्यातल्या प्राणवायूची..."

"हां हां, छंद. अच्छा है, छंद असावा. असं आहे, आमचे डायरेक्टर साहेब पुढच्या हफ्त्यात मुंबईहून येऊन राहिले आहेत. फॅमिली आहे, आठ लोक. त्यांचं काही जमेल?"

इथे मुक्ताने नाही म्हणायला हवं होतं. निदान आधी ब्युरेटबद्दल विचारायला हवं होतं. पण सवय लागलेल्या गोष्टीला विचार लागत नाही.

"आधार कार्डं लागतील," ती म्हणाली.

निवड तिथल्या तिथे झाली. पद 'विश्लेषक (अतिथी समन्वय)'.

निर्मलधारेला पाहुणे भरपूर असतात. डायरेक्टर येतात, मग त्यांचे मेहुणे येतात, मग मेहुण्यांनी ज्यांना सांगितलं ते येतात. मुक्ताचं टेबल अशा ठिकाणी आहे की काचेतून प्रयोगशाळा स्वच्छ दिसते. तिथे सौमित्र नावाचा तरुण काम करतो. त्याला पूर्ण दोन वर्षांचा अनुभव आहे (मोबाईलची कव्हरं विकण्याचा, अनुभव कशाचा हवा हे जाहिरातीत लिहिलं नव्हतं). निळा रंग गेल्यावरही तो खात्रीसाठी तीन-चार थेंब आणखी सोडतो. जितके थेंब तितका प्राणवायू, त्यामुळे कागदावर पाणी जरा जास्त चांगलं निघतं आणि ग्राहक समाधानी असतात. मुक्ता काचेतून बघते. एकदा ती उठून दारापर्यंत गेली होती, तेवढ्यात फोन वाजला. मेहुण्यांची गाडी चौकात चुकली होती.

ब्युरेट तिच्या हाती आलं नाही असंही नाही. माहितीपत्रकाच्या फोटोसाठी तिला पांढरा कोट घालून ते धरायला दिलं होतं. रिकामं होतं.

पुढे तिने दुसऱ्या एका प्रयोगशाळेत अर्ज केला. तिथून सविनय उत्तर आलं: आपला अनुभव भक्कम आहे, मात्र तो रसायनशास्त्रातला नाही. बाबांनी तोवर खोल्या रंगवल्या होत्या. संध्याकाळी घरी आल्यावर मुक्ता तेही बघते. तिला आदत आहे.

सुशिक्षित वाचकांना हे वाचून वाईट वाटलं असेल. मुलीची पदवी वाया गेली, व्यवस्थाच सडली आहे, असंही मनात आलं असेल, आणि त्या पाठोपाठ श्रावण कधी लागतो हेही आलं असेल. संकोच करू नये. विहिणीच्या भाच्याकडे मुक्ताचा नंबर आहे. आधार कार्डाचे फोटो दोन्ही बाजूंनी स्पष्ट पाठवावेत, पुरुषांनी सोवळं आठवणीने आणावं. आणि निघताना, मुक्ता सध्या काय करते, हे तिच्या आईला तेवढं विचारावं.