केशोरीचा सर्वे

खोटं बोलावं तर सुमित्राबाईच्या पोरानं, असं माझं माझ्याबद्दल फार वर्षांपासूनचं मत होतं. सुमित्राबाई म्हणजे माझी आई. आणि तो पोरगा म्हणजे अस्मादिक! भुपेंद्र, वय सत्तावीस, मुक्काम गोंदिया, नोकरी सोलर पंप विकणाऱ्या एका कंपनीत.

दोन वर्षांपासून मी डिंपलसोबत पिक्चर पाहतो आहे आणि घरी सांगतो, "ऑफिसचं ट्रेनिंग आहे." ट्रेनिंग बरोब्बर तीन तासांचं असतं, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी असते आणि घरी आलो की शर्टाला पॉपकॉर्नचा वास येतो. आईनं एका शब्दानं विचारलं नाही. आता याला कला नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

डिंपल केशोरीची. अर्जुनी मोरगावला एका लॅबमध्ये रक्त तपासते. मला भुताचे पिक्चर आवडतात, तिला मारामारीचे. त्यामुळे इंटरव्हलपर्यंत मी डोळे झाकून बसतो ते भुताला भिऊन, आणि इंटरव्हलनंतर तिच्या टोमण्यांना भिऊन. तरी मी जगात खरा भितो तो एकाच व्यक्तीला. आईला! लग्नाचा विषय काढायला म्हणून मी दोन वर्षांत किमान चाळीस वेळा तिच्यासमोर जाऊन बसलो असेन. दर वेळी तोंडातून निघालं काय, तर "आई, भाजीत मीठ बरोबर आहे!"

एका संध्याकाळी डिंपलचा फोन आला.

"सोमवारी मले पाहायले पाहुणे येऊन रायले."

"कोणते पाहुणे?"

"पाहायले येते ते! उद्या माझी लॅब बंद आहे. अकरा वाजता नवेगावबांधले बगिच्याच्या गेटवर ये आणि माझ्या तोंडासमोर सांग, आईशी बोलतो का नाही. अकरा म्हणजे अकरा. नाही आला, तं मी सोमवारी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतो आणि त्या पोट्ट्याले हो म्हणतो. समजलं?"

समजलं! दहा मिनिटांत प्लॅन तयार. सर्वे! कंपनीचा सर्वे! गोंदियाहून नवेगावबांध साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणून सर्वे त्याच्याही पुढचा हवा. कुठं? केशोरीला! कारण गोरेगावला आमची मावशी, सडक अर्जुनीला आत्या, त्या रस्त्यावर जिथं थुंकाल तिथं नातेवाईक. पण केशोरीत आमचं कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

प्लॅन पक्का करायला मित्र बंटीला कामाला लावलं. त्यानं साहेब बनून आईला फोन करायचा.

"टेन्शन काऊन घेतो भाई," बंटी म्हणाला. "मेरी आवाज में वजन है."

आठ वाजता फोन आला. मी आतल्या खोलीतून कान लावून ऐकलं. आई म्हणत होती, "हो साहेब. केशोरीले? बरं साहेब." मग ती फोन घेऊन अंगणात गेली. पंधरा मिनिटांनी परत आली तेव्हा चेहरा नुसता फुललेला.

"चांगले आहेत रे तुझे साहेब," ती म्हणाली. "लई बोलके आहेत."

मी मनातल्या मनात बंटीला सलाम ठोकला.

सकाळी पाचला उठून मी निळ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. गळ्यात आयकार्ड, हातात फाईल. सातला बाईक काढतो तर आई दारात उभी, हातात चार खणांचा स्टीलचा डबा.

"केशोरीले जाऊनच रायला, तं हे घेऊन जा."

"केशोरीत आपलं कोण आहे?"

"ते रुक्माआत्या सांगंल. सडकेवरच तं आहे तिचं घर. आणि जाता जाता गोरेगावले अल्काकडे थांब. तिलेही काही पाठवायचं आहे."

आपल्याकडे हे आहेच. माणूस बाईकवर कुठं चालला एवढं तोंडातून निघालं पाहिजे, की त्याचा लगेच मालवाहू ऑटो होतो. मला पुढचे चार प्रश्न विचारायचे होते. पण खोटं बोलणाऱ्यानं दुसऱ्याला प्रश्न विचारू नयेत, नाहीतर दुसऱ्यालाही विचारायची सवय लागते. मी डबा हँडलला अडकवला आणि निघालो.

गोरेगावला अल्कामावशी रस्त्यावरच उभी होती! तिनं मला ओढत घरात नेलं आणि तर्री-पोह्याची प्लेट पुढे ठेवली. ती संपली तर दुसरी. "नको" म्हटलं तर म्हणते, "काऊन? माझ्या हातचं गोड लागून नाही रायलं काय?" मी घड्याळ पाहत गिळत होतो. मग तिनं अंगणातून एक कोहळा उचलून आणला. कोहळा कसला, वर्षभराचं बाळ होतं ते! दहा किलो तरी असेल. तो पेट्रोलच्या टाकीवर दोरीनं बांधला. एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण मावशीनं एक कापडी थैली आणली, आणि त्या थैलीतून लाल तुऱ्याचं एक डोकं बाहेर आलं.

"मावशी, कोंबडा?"

"गावठी आहे. केशोरीले द्यायचा आहे. मान बाहेर राहू दे त्याची, जीव घुसमटते."

"अगं, मी सर्वेला चाललो आहे! हा कोंबडा सर्वेत काय करेल?"

"तू काय करशील, तेच," मावशी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तेव्हा मला वाटलं, तिला खोकला आला.

साडेनऊ झाले होते. मी गाडी दामटली. कोंबडा डाव्या हँडलला. दर दोन किलोमीटरला तो माझ्या क्लचच्या बोटांवर चोच मारून पाहायचा, खायचं आहे का म्हणून. कोहमाऱ्याच्या चौकात स्पीडब्रेकर आला, गाडी उडाली आणि कोंबडाही उडाला. गाडी खाली आली. कोंबडा आला नाही!

तो समोरच्या धाब्यात घुसला. मी त्याच्या मागे, माझ्या मागे धाब्यावरचे दोन ट्रकवाले. कोंबडा खाटेखालून टेबलावर, टेबलावरून कोणाच्या तरी डाळीत, डाळीतून थेट धाबेवाल्या छोटेलालच्या हातात. छोटेलालनं त्याला काखेत मारलं आणि शांतपणे विचारलं, "भैया, तुमचाच आहे याचा प्रूफ काय?"

"प्रूफ? कोंबड्याचा?"

"माझ्याकडे मागं वीस कोंबडे आहेत. कोणीही येईल आणि म्हणंल माझा."

मी गळ्यातलं आयकार्ड दाखवलं. तो म्हणाला, हे तुमचं झालं, कोंबड्याचं दाखवा. शेवटी मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशीनं फोनमधून "आ आ आ, ये बाबू ये!" अशी हाक मारली मात्र, कोंबड्यानं मान वर केली, छोटेलालच्या काखेतून सुटला आणि येऊन माझ्या मोबाईलला चोची मारू लागला. ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. डाळीची प्लेट मात्र माझ्या नावावर लागली.

साडेदहा. सडक अर्जुनी. आता आत्याला डबा कोणाला द्यायचा ते विचारायचं, गाडीवरून उतरायचंही नाही आणि सुटायचं, असा माझा बेत. रुक्माआत्या ओसरीवर बसली होती. अंगावर ठेवणीतली साडी, तोंडाला पावडर, हातात पर्स, बाजूला चिन्नोर तांदळाचं पाच पायलीचं पोतं.

"आत्या, डबा कोणाला द्यायचा ते लवकर सांग, मला घाई आहे."

"सांगायले कायले पायजे? मी येऊन रायली ना सोबत!"

"तू? केशोरीला? या गाडीवर?"

"मंग का विमानानं? बांध ते पोतं."

पोतं मागच्या कॅरियरवर चढलं, मध्ये आत्या बसली, तिच्या मांडीवर डबा, माझ्या मांडीला कोहळा, हाताला कोंबडा. बांधाबांधीत आणि आत्याच्या चष्म्याच्या शोधात आणखी पाऊण तास गेला. चष्मा तिच्या डोक्यावरच होता. वर गाडी तीसच्या पुढे गेली की ती माझा खांदा दाबायची, "हळू रे बाप्पा, मले नातवंडं पाहायची आहेत."

खिशात फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, अकरा वेळा.

"फोन वाजून रायला तुझा," आत्या म्हणाली.

"कंपनीचा आहे."

"उचल मंग."

"सर्वेच्या दिवशी आम्ही फोन उचलत नाही."

आत्याला सोबत घेऊन डिंपलसमोर उभं राहणं म्हणजे संध्याकाळच्या आत साऱ्या जिल्ह्यात बातमी. आणि आत्याला केशोरीला सोडून परत यायचं तर दोन वाजणार. तोवर डिंपल थांबेल? ती तर बसचीही पाच मिनिटांच्या वर वाट पाहत नाही. मी ठरवलं, गेटजवळून तिला डोळ्यानं खूण करायची, "थांब, येतोच," आणि पुढे निघायचं.

बारा वाजून दहा मिनिटांनी नवेगावबांधचं गेट दिसलं. झाडाखाली स्कूटी, स्कूटीजवळ डिंपल, हाताची घडी. मी एक डोळा मारला. हेल्मेटची काच काळी आहे हे नंतर लक्षात आलं. डिंपलनं हात हलवला. मी गाडी हळू केली नाही. तिनं जोरात हात हलवला.

"थे पोट्टी तुले हात दाखवून रायली का रे?" आत्यानं विचारलं.

आणि मी, दोन वर्षांचा कलावंत, मोठ्यानं म्हणालो, "कोण? मी नाही ओळखत!"

त्याच क्षणी गेटसमोरचा खड्डा आला. दोरी तुटली. कोहळा टाकीवरून घरंगळला, रस्त्यावर आपटला, गडगडत गेला आणि डिंपलच्या चपलेला लागून थांबला. त्याला साधी चीरही गेली नाही. मी ब्रेक मारला. कोंबडा आरवला.

डिंपल कोहळ्याकडे पाहत होती. मग कोंबड्याकडे. मग पोत्याकडे, आत्याकडे आणि शेवटी माझ्याकडे.

"नाही ओळखत?" ती म्हणाली. आवाज शांत होता. मारामारीच्या पिक्चरमध्ये हाणामारीच्या आधी असतो तितका. पण डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मी दोन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. "ठीक आहे. सोमवारी चहा मीच नेतो."

तिनं स्कूटीची चावी फिरवली. मला काय झालं माहीत नाही. हेल्मेट काढलं आणि जे चाळीस वेळा मिठावर अडकलं होतं ते एका दमात बाहेर पडलं.

"आत्या! ही डिंपल आहे. मी हिला ओळखतो. दोन वर्षांपासून ओळखतो. मला हिच्याशीच लग्न करायचं आहे. सर्वे-बिर्वे काही नाही, सगळं खोटं आहे. आईला सांगायचं तर आत्ता सांग. मी भीत नाही!"

शेवटचं वाक्य जरा बारीक निघालं, पण निघालं! डिंपलनं चावी बंद केली.

आत्या सावकाश खाली उतरली. साडी झटकली. डिंपलला खालून वर, वरून खाली पाहिलं, तिचा हात हातात घेतला आणि मला म्हणाली, "झालं बोलून? मंग चादर आण कुठून तरी. डबा थंडा होऊन रायला."

डबा उघडला. वडे, भात, वांग्याची भाजी, आणि सगळ्यात खालच्या खणात तीन ताटल्या. तीन! डिंपलच्या आवडीची लसणाची चटणी वेगळ्या डबीत.

"आत्या... तुला माहीत होतं?"

"मलेच काय, अल्कालेही माहीत आहे. पोरीच्या घरी पहिल्यांदा जायचं, तं रिकाम्या हातानं कोणी जाते काय? तांदूळ, कोहळा, कोंबडा, सारं हिच्या घरी, टेकचंदभाऊकडे द्यायचं आहे. हिच्या बाबाले तुझ्या आईनं रात्रीच फोन केला. सोमवारचे पाहुणे रद्द!"

डिंपल तोंडावर हात ठेवून उभी. तिलाही कोणी काही सांगितलं नव्हतं.

"पण आईला कळलं कसं?" मी ओरडलोच. "प्लॅन तर पक्का होता!"

आत्यानं फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडे आई.

"बोलला का एकदाचा?" आईनं विचारलं.

"बोललो. पण तुला..."

"मी वाट पाहून रायली होती, पोरगा कधी तोंड उघडते म्हणून. पॉपकॉर्नचे शर्ट दोन वर्षं धुतले मी! आणि तुझे ते साहेब? 'नमस्कार काकू' म्हणून फोन सुरू केला साहेबानं. मी म्हटलं, बंटी, तुझ्या आईले लावू काय फोन? डिंपल, तिचे बाबा, बगिच्याचं गेट, लसणाची चटणी, एका दमात सारं ओकला बिचारा. त्याले रागावू नको."

"म्हणजे बंटीमुळे झालं सगळं! नाहीतर..."

"नाहीतर काय रे? आज वार कोणता आहे?"

मी आठवून पाहिलं. मग आठवलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"रविवारी कोणतं ऑफिस सर्वे करते, भुपेंद्र?"

मी फोन ठेवला. डिंपल हसता हसता गवतावर बसली होती.

जेवण झालं. तांदळाचं पोतं, कोहळा, कोंबडा आणि आत्या असं सगळं डिंपलच्या स्कूटीवर पाच मिनिटांत बसलं. माझ्या बाईकवर जे पाऊण तासात बसत नव्हतं ते! मी विचारलं, "मी येऊ ना केशोरीला?"

"पोरानं पहिल्या दिवशी यायचं नसते," आत्या म्हणाली. "तू असं कर, हा रिकामा डबा घरी ने. आणि कोंबड्याची थैली जाता जाता गोरेगावले अल्काले देऊन दे. आठवणीनं देजो, चांगली थैली आहे."

स्कूटी केशोरीकडे गेली. वळणावर डिंपलनं मागं वळून हात हलवला. मी दोन्ही हातांनी हलवला, ओळखत असल्याचा.

गोरेगावला मावशी रस्त्यावरच उभी होती. "झाला काय सर्वे?" तिनं विचारलं. मी मुकाट्यानं थैली दिली.

घरी पोचलो तर पलंगावर माझा पांढरा शर्ट चुरगळलेला पडलेला, बाजूला इस्त्री.

"पुढच्या रविवारी टेकचंदभाऊ सर्वेले येऊन रायले," आई म्हणाली. "तुझ्या. इस्त्री तूच कर, चांगली जमते तुले."

केली. करता करता आईला म्हटलं, "आई, वांग्याच्या भाजीत मीठ बरोबर होतं."