न वाकणारे चार खांब

राहुरी तालुक्यातल्या बोरजाई फाट्यावर एसटीचा निवारा उभारायचं ठरलं, तेव्हा त्याचे खांब कै. आप्पासाहेबांच्या गणिताने व्हावेत, एवढीच त्यांच्या मुलीची, अश्विनीची, इच्छा होती. गणिताचे शिक्षक आप्पासाहेब यांनी निवृत्तीनंतरची अकरा वर्षं एकाच प्रश्नात घातली होती: ठरावीक मालात, भाराखाली न वाकणारा सगळ्यात भक्कम खांब कोणत्या आकाराचा? उत्तर सापडलं होतं. खांब वाकतो तो मध्यावर. म्हणून टोकांचा माल काढून मध्ये घालायचा. तेवढ्याच काँक्रीटमध्ये तो एक तृतीयांश भार जास्त पेलतो.

खांब उभे राहिले. सरपंच काकासाहेबांनी चारही बाजूंनी निरखून पाहिले.

"ताई, ह्यांना कितवा म्हैना?"

"मध्ये जाड आहेत, म्हणूनच वाकत नाहीत, काकासाहेब."

"असं व्हय," स्वतःच्या पोटावर हात फिरवत सरपंच म्हणाले. "मला वाकता का येत न्हाई, ते आज कळलं."

मग शाखा अभियंता लोंढे मोजमाप पुस्तक घेऊन आले. त्यात जाडीसाठी रकाना एकच. पायथ्याशी मोजलं, तर काम अपुरं. मध्ये मोजलं, तर मंजुरीपेक्षा जादा. एकच खांब एकाच वेळी अपुरा आणि जादा भरल्याने प्रत्येक खांबामागे दोन नोटिसा निघाल्या.

"सरासरी लिहा ना," अश्विनी म्हणाली.

"मॅडम, सरासरीला टेप कुठे लावू?"

अखेर नियमानुसार पोटं तासली. निघालेला चुरा वाया जाऊ नये म्हणून टोकांना लिंपला. खांब सरळ झाले आणि छप्पर पेलण्यास असमर्थ ठरले. तेव्हा लोंढ्यांनीही गणित मांडलं: भारच नसेल तर खांब वाकेल कशाला? छप्पर रद्द झालं. चाचणीत चारही खांब तसूभर वाकले नाहीत. 'आप्पासाहेब पद्धतीचा निवारा' अशी पाटी लागली, उद्घाटन झालं.

आता उन्हाळ्यात प्रवासी खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे राहतात. ऊन सरकतं तशी रांग सरकते.

"बाई, वाईच आंग चोरा," मागून रंगुबाई अश्विनीला म्हणते. "माजा खांदा उन्हात जातुय."

तक्रारवही समोरच्या खांबाला, उन्हाच्या बाजूने टांगली आहे. ती वर्षभर कोरी होती, कारण तिथवर जायचं तर सावलीतली जागा सोडावी लागते. परवा अश्विनीने जागा सोडली. वडिलांचं नाव पाटीवरून काढावं, एवढंच तिने नीट अक्षरात लिहिलं.

परत आली, तर तिच्या जागेवर, हे वाचत, तुम्ही उभे.