साहेबांचा डूख

जनावराला माणूस बरोबर कळतो, असं पेंटर चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. "कुत्रं असो नाहीतर कासव, माझ्या वाटेला जायचं नाही. समोर कोण बसलंय ते त्याला समजतं." हे बोलून तो घरी आला, पाटी रंगवायला बसला, आणि घरच्या कासवाने त्याच्या पायाचा अंगठा धरला.

कासव त्यानेच आणलेलं. ते हळू चालायचं आणि कशालाच उत्तर द्यायचं नाही, म्हणून मुलीने त्याचं नाव साहेब ठेवलं. सात वर्षांत साहेबांनी पालक, काकडी आणि टोमॅटो सोडून कशाला तोंड लावलं नव्हतं. आता मात्र रोज अंगठा. पेंटर जमिनीवर बसला की साहेब खोलीच्या दुसऱ्या टोकाहून निघायचे, दहा मिनिटांनी पोचायचे, मान लांब करायचे आणि कचकन चावायचे. मुलीला नाही, बायकोला नाही. फक्त मालकाला.

"बाबा, तुम्हीच काहीतरी केलं असणार," मुलगी म्हणाली.

"मी कासवाला काय करणार?"

"त्याच्या पाठीवर रंगाचे डबे ठेवता."

"थोडा वेळ ठेवतो. एवढी टणक पाठ रिकामी कशाला ठेवायची?"

आता घरातली दुसरी भानगड. पेंटरची बायको कपडे शिवते. बारा वर्षं लोकांच्या दुकानात राबून तिने घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान थाटलं आणि पाटीचं काम नवऱ्याला सांगितलं. इथे ती फसली. पाटी रंगवणारे लोक खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतात, तशी रीतच आहे. या पठ्ठ्याने 'सुबक टेलर्स' वीतभर लिहिलं आणि त्याखाली 'ब्रशसम्राट' हातभर. ही पदवी त्याला कोणी दिली म्हणाल, तर त्यानेच. गिऱ्हाइकं दारात येऊन ब्रश मागू लागली.

बायको म्हणाली, "पाटी बदला, आणि चुकलो म्हणा."

"पाटी बदलेन. पण चुकलो? कलेत चूक नसते."

असल्या माणसांच्या जिभेला 'चुकलो' म्हणताना फोड येतो. घरोघरी आहेत, आपापल्या घरात बघून घ्या. बायकोने बोलणं बंद केलं. अठरा दिवस झाले. ताट यायचं, शब्द यायचा नाही. पेंटरचा वरून तोरा कायम, पण आतून गडी पार सुकला होता. दिवसभर पडद्याआडून शिलाई मशीनचा आवाज यायचा आणि त्याच्या वेगावरून हा तिचा राग मोजत बसायचा. बायकोने एकदा नुसतं 'अहो' म्हणावं, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात हे कासव. शेवटी त्याने रंगाच्या दुकानदाराला विचारलं.

"कासव डूख धरतं, पेंटर," दुकानदार डबा हलवत म्हणाला. "शंभर वर्षं जगतं ते. तुम्हाला तर चावेलच, तुमच्या नातवालाही चावेल."

"मग करायचं काय?"

"माफी मागा. मुक्या जनावरापुढे कसली लाज?"

आणि माणसाची जात बघा. जिने अठरा दिवस मुकाट ताट वाढलं, तिच्यापुढे जीभ वळली नाही. कासवापुढे मात्र गडी गुडघे टेकून बसला. हात जोडले.

"चुकलो," तो म्हणाला. "तुझ्या पाठीवर भार टाकत गेलो आणि वर ऐट मिरवली. तू मुकाट सोसलंस. पण आता राग सोड. माझ्यात त्राण उरलं नाही."

साहेबांनी मान आत घेतली. पडद्याआड मशीन थांबलं.

दुपारी बायको स्वतःहून समोर आली. "अहो, जेवण गरम करू का?"

पेंटरच्या हातातला ब्रश गळून पडला.

"एवढं मनात होतं तर तोंडावर बोलायचं ना," ती नाक ओढत म्हणाली. "मी पडद्याआड बसलेय आणि तुम्ही इकडून बोलताय. मला काय खाऊन टाकायचं होतं तुम्हाला?"

आता पेंटरच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगायची वेळ हीच होती. आणि हा काय म्हणाला?

"लाज वाटली गं."

भित्रा लेकाचा.

दोन दिवस घरात स्वर्ग उतरला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी अंगठा असा फोडला की रक्त आलं. बायको घाबरली. "याला काहीतरी झालंय. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला." मुलीने साहेबांना टोपलीत घातलं आणि तिघंही जनावरांच्या दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांनी साहेबांचं तोंड उघडून पाहिलं, डोळे पाहिले. मग पेंटरला म्हणाले, "चपला काढा."

"आजारी तो आहे."

"तो ठणठणीत आहे. काढा."

दोन्ही अंगठे लालभडक. पेंटरने गेले तीन आठवडे अग्निशमन केंद्राच्या लाल पाट्यांचं काम घेतलं होतं. खालची ओळ लिहिताना पाटी जमिनीला चिकटू नये म्हणून तो ती पायाच्या अंगठ्यांवर टेकवायचा. रंगाऱ्याच्या अंगाला रंग असायचाच, तो कशाला बघतोय?

डॉक्टरांनी एक अंगठा स्पिरिटने पुसला आणि साहेबांना खाली सोडलं. पुसलेल्या अंगठ्याकडे साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्यावर मात्र तुटून पडले.

"लाल दिसलं की याला टोमॅटो वाटतो," साहेबांना उचलून टेबलावर ठेवत डॉक्टर म्हणाले. "राग नाही, लोभ नाही. भूक आहे."

पेंटरचं टाळकं सटकलं. "म्हणजे याच्या मनात काहीच नव्हतं? मग मी माफी फुकट मागितली?"

"कुणाची?" बायकोने विचारलं.

पेंटर छताकडे बघू लागला. मुलगी टोपलीत बघू लागली.

"मी विचारतेय, कुणाची?"

"साहेबांची," मुलगी पुटपुटली. "मी बघितलं होतं. गुडघे टेकून."

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त जमिनीकडे बोट दाखवलं.

"टेका."

"अगं, डॉक्टरांसमोर?"

"कासवासमोर टेकलेत ना?"

पेंटर टेबलाची कड धरून गुडघ्यांवर बसला. कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत शरमेने लालेलाल झाला होता. त्याने मोठ्या कष्टाने तोंड उघडलं, "चुक..." एवढंच म्हणाला, आणि टेबलावरून लांबलेल्या मानेने त्याचं नाक धरलं.

बायकोने स्टूल ओढलं आणि समोर बसली.

"हलू नका," डॉक्टर शांतपणे हात धूत म्हणाले. "तो सोडेल आपणहून. तोवर तुमचं चालू द्या."