मास्तरांच्या खोलीतला समुद्र

नवा टीव्ही भिंतीवर चढला, तरी शिंपीमास्तर त्याच्या खाली ठेवलेल्या जुन्या टीव्हीकडेच बघत बसायचे. जुन्यात प्रत्येक माणसामागे एक फिकट सावली उभी असे, त्यामुळे बातम्या सांगणाऱ्या बाई जुळ्या वाटत. मास्तरांना त्या दोघींचीही सवय झाली होती. नव्यात म्हणे माणसाच्या गालावरची पुटकुळीसुद्धा दिसते. परक्याच्या तोंडाकडे इतकं निरखून बघू नये, असं त्यांचं म्हणणं.

जावयानं परोपरीनं समजावलं होतं. बटण नको, काही नको, नुसतं तोंडानं सांगायचं. मास्तरांनी मान डोलावली आणि नव्या टीव्हीशी अबोला धरला. मास्तरीणबाईंना मात्र तो हवा होता. जन्मभर काजं करून त्यांची नजर अधू झाली होती. जुन्यातल्या दोन बायांपैकी त्यांना आता एकही धड दिसत नसे. पण त्या बोलल्या नाहीत.

एका दुपारी मास्तरांचा खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात ते कापडाच्या दुकानात होते. दुकानदार निळं ठाण उलगडत होता आणि ठाणातून कापडाऐवजी पाणीच सांडत होतं, शांत, चमचमतं.

"समुद्र दाखव," मास्तर झोपेत म्हणाले.

भिंतीवर समुद्र आला.

स्वप्नात मास्तरांना पन्हा रुंदीला कमी पडत होता. "अजून मोठा," ते पुटपुटले. "अजून."

लाटा गरजू लागल्या. मास्तरीणबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. खालच्या मजल्यावरच्या पोस्टमनला वाटलं, वरचा पाइप फुटला. त्यानं आधी साऱ्या इमारतीचं पाणी बंद केलं. आवाज थांबेना, तेव्हा प्लंबरला बोलावलं. प्लंबरनं भिंतीला कान लावला आणि पाणी आतल्या आत मुरतंय, असं निदान केलं. हा हा म्हणता ही बातमी जिनाभर पसरली. लोकांनी गाद्या पलंगांवर चढवल्या आणि बादल्या घेऊन मास्तरांचं दार गाठलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत थेंबभरही पाणी नव्हतं. निळ्या उजेडात मास्तर घोरत होते आणि त्यांच्यासमोर समुद्र पसरला होता. पोस्टमन बादली उपडी घालून तिच्यावर बसला. प्लंबरनं चपला काढल्या.

तेवढ्यात मास्तरीणबाई गच्चीवरून आल्या. गर्दीतून वाट काढत त्या अगदी पडद्यापुढे जाऊन बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"पक्षी आहे तिथं," त्या म्हणाल्या. "मला दिसतोय."

मास्तर जागे झाले. खोलीभर माणसं, सगळी निळी. आपण अजून दुकानातच आहोत, असं त्यांना वाटलं. त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

"नळाला पाणी नाही," लाटांवरची नजर न काढता प्लंबर म्हणाला.

मास्तरांनी बायकोचा चेहरा पाहिला. मग ते उठले, जुना टीव्ही बंद केला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"कुठाय पक्षी?"

"तो काय, खडकावर."

मास्तरांनी डोळे बारीक केले. त्यांना काही दिसेना. ते पुन्हा विचारणार, तोच पोस्टमननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू बोला, मास्तर," तो कुजबुजला. "उडून जाईल."