एकसष्ट अंश

उष्णता कधी नष्ट होत नाही. ती एका जागेवरून उठते आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी जाऊन बसते. विज्ञानाचा हा नियम झाशीत चैत्र-वैशाखात फार काटेकोरपणे पाळला जातो.

माणिक चौकामागच्या गल्लीतल्या निशांतला तो तोंडपाठ होता. विमा कचेरीत वरिष्ठ लिपिक, वय चौतीस, आणि कॉम्प्युटर थंड ठेवणाऱ्यांच्या एका अखिल भारतीय मंडळाचा सदस्य. (एकूण सदस्य तीनशे बारा, एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेले, शून्य.) त्याचा कॉम्प्युटर दिवसभर एकच काम करी, पण जीव ओतून: स्वतःचं तापमान दाखवणं. वर्षातून एकदा त्याच्यावर घरपट्टी भरली जाई. तेवढ्याने तापमान दोन अंशांनी चढे आणि निशांतला रात्रभर झोप लागत नसे.

तर दिवाळीला एक नवा पंखा बाजारात यायचा होता. तळहाताएवढा, कॉम्प्युटरच्या पेटीत बसणारा. तो कसा असावा, याचा मसुदा मंडळाने सहा महिने घासून तयार केला होता. पंखा फिरावा, पण फिरतोय हे कळू नये. वारा भरपूर यावा, धूळ मुळीच येऊ नये. रंग काळा असावा, पण काळ्यातसुद्धा सात रंगांचे दिवे लागावेत. वायर दिसू नये. आणि बेअरिंग जन्मभर टिकावं, त्याने कधी तेल मागू नये. (शेवटचं कलम एकमताने मंजूर. मतदान करणाऱ्यांत विवाहित दोनशे सहा.)

पंखा बाजारात येण्याआधी तो तपासायला कंपनी देशभरातून चाळीस माणसं निवडणार होती. त्या चाळिसांत नाव यावं म्हणून निशांतने जिवाचं रान केलं. अट साधी होती: कॉम्प्युटर तासभर पूर्ण ताकदीने चालवायचा, पासष्ट अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि खोलीतला आवाज तीस डेसिबलच्या आत ठेवायचा. पण त्याचा जुना पंखा सावकाश फिरवला की यंत्र तापे, जोरात फिरवला की घरात पिठाची गिरणी आल्यासारखं वाटे. या पेचात शेवटची तारीख येऊन ठेपली. ती होती अक्षय तृतीया.

त्याच दिवशी त्याच खोलीत त्याच्या आईचं, अनुसूयाबाईंचं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बावीस बायकांना आमंत्रण गेलेलं, डाळ भिजलेली, कैऱ्या किसलेल्या.

"आई, उद्यावर ढकलता येईल?"

"गौर आज झोपाळ्यावरून उतरते रे बाबा. तुझ्या कंपनीला विचार, अक्षय तृतीया पुढे ढकलते का ती."

कंपनीला विचारण्यात अर्थ नव्हता. मग सुवर्णमध्य निघाला. बाहेर चव्वेचाळीस अंश होते, आणि खोलीतला कूलर (अठ्ठावन्न डेसिबल) व छताचा पंखा (एक्केचाळीस) शास्त्रासाठी बंद करण्यात आले. बांगड्यांची किणकिण तेहतीस डेसिबल भरली, म्हणून बावीस बायकांनी हात पदरात गुंडाळले. आंब्याची डाळ चमच्याविना, पन्हं फुरका न मारता, उखाणे चिठ्ठीवर लिहून. कुंकवाला तेवढी सूट होती, कारण ते मुळातच आवाज करत नाही.

"दीदी, जे का हो रओ है?" एका शेजारणीने विचारलं. (कुजबूज, अठ्ठावीस डेसिबल. नियमात.)

पण दहाव्या मिनिटाला आकडा चौसष्टावर गेला. निशांतच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्याचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं. त्या हातात खसाचा विंझणा होता. हातपंख्याला या घरात अजून विंझणाच म्हणतात. फिरतो पण कळत नाही. वायर नाही. निशांतने पेटीची बाजू उघडली आणि आईला तिच्यासमोर पाटावर बसवलं. (संक्रांतीला गच्चीवर पाय घसरल्यापासून अनुसूयाबाईंच्या उजव्या मनगटाला पट्टा असतो. तो काळा असल्यामुळे पेटीच्या रंगाशी छान जुळला.)

आकडा उतरू लागला. त्रेसष्ट, बासष्ट.

"अगं अनुसूये, हात तरी बदल," बकुळाकाकू कुजबुजल्या. आळीत सगळ्यांत वडील त्याच.

"डाव्याने वेग कमीजास्त होतो म्हणतो."

"आई, वेग स्थिर," निशांत म्हणाला.

पन्नास मिनिटं तो स्थिर राहिला. शेवटचा आकडा एकसष्ट! निशांतने आनंदाने उडी मारायची, ती आवाजाच्या भीतीने मनातल्या मनात मारली. बायका ओट्या सावरत घामाने निथळून गेल्या. गौर झोपाळ्यावरून उतरली. तिला चारुताने, म्हणजे निशांतच्या बायकोने, उतरवलं, कारण अनुसूयाबाईंना तांब्यासुद्धा उचलवेना.

"अहो, जरा हात तो देखिए आईंचा," चारुता म्हणाली. तिला राग आला की निम्मं हिंदी येतं. "तव्यासारखा तापलाय!"

निशांत गंभीरपणे वळला.

"किती अंश?" त्याने विचारलं.

पंधरवड्यात त्याची निवड झाली, सतराव्या क्रमांकावर. अर्जात बेअरिंगच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: घरगुती, अडुसष्ट वर्षे सलग चालू, तेल मागत नाही. मंडळात खळबळ उडाली. एकशे चाळीस प्रश्न आले. किंमत किती, दुसऱ्या रंगात मिळेल का, दिवे नंतर बसवता येतील का. हात कसा आहे, असं कुणी विचारलं नाही. बेअरिंगला हात असतो, हे त्यांना कुठून कळणार?

वाचकहो, तुम्ही मंडळाचे सदस्य नाही. पट्टा कोणत्या हाताला होता, हे तुम्हाला वर कंसात स्पष्ट सांगितलं होतं. ते वाचून तुम्ही किंचित हसलात आणि पुढे एकच गोष्ट बघत राहिलात: आकडा उतरतो की नाही. तो कितीवर थांबला, हे तुम्ही आत्ताही वर न बघता सांगाल.