आवाजाचं बारसं

चैत्र वद्य सप्तमी. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, वारा पडलेला.

मुलांनो, त्या दिवशी एका जंगलातले सगळे प्राणी माना वर करून उभे होते. तुम्हीही जरा मान वर करा. दिसला पाळणा? वेताचा होता. बांबूच्या दांड्याला टांगलेला होता आणि दांडा चार गिधाडांनी पायांत धरला होता. पाळण्यात धोंडे होते. धोंड्यांचं वजन खंडू साळिंदराएवढं होतं, कारण अक्षय्यतृतीयेला धोंड्यांच्या जागी खुद्द खंडू बसणार होता. ढगांच्या वर जाऊन, तिथे काय आहे ते पाहून परत येणार होता.

शेजारच्या जंगलाने मागच्याच वर्षी एक बेडूक वर पाठवला होता. त्यामुळे घाई होती.

पाळणा झाडांच्या शेंड्यांवर गेला आणि दांड्यातून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक् टक्. मग पाळणा खाली उतरला. धोंडे सुखरूप होते.

आता या जंगलाची एक रीत होती. वर जाताना एखादा अनोळखी आवाज आला आणि पाळणा धडपणे परत आला, की त्या आवाजाचं बारसं करायचं. नाव ठेवलं की तो अनोळखी राहत नाही. ओळखीच्या आवाजाला कोण घाबरतं? दोरांची करकर होती, तिचं नाव कृष्णाबाई. तळातल्या खडखडीचं नाव बंडोपंत. पाळणा उतरला की गिधाडं सांगत, ‘आज बंडोपंत जरा जोरात होते,’ आणि सगळे कौतुकाने हसत.

नाव ठेवायचं काम सरकारी आत्याचं. सुरक्षेचं खातं म्हणतात ते हेच. त्या पदावर तानूआत्या होती. ती साळिंदर, खंडूची सख्खी आत्या. पाळण्याशी वाकून कुर्र करायची, नाव सांगायची, मग घुगऱ्या वाटायच्या. बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, तेवढे मात्र तिला आजवर कुणी घातले नव्हते.

“या आत्याबाई,” आकाशखात्याचे प्रमुख मयूरराव म्हणाले. ते मोर होते आणि स्वतः फांदीच्या वर कधी उडाले नव्हते. “नाव काय ठेवताय?”

आत्याने मनात ‘मुरलीधर’ ठरवलं होतं. ती दांड्याशी वाकली. मागे खंडू गळ्यात हार घालून उभा होता.

“आत्या,” तो हळूच म्हणाला, “वर मी एकटाच असणार. हा बोलायला लागला तर मी काय करायचं गं?”

आत्याने कुर्र करायला उघडलेलं तोंड मिटलं. आजवरची सगळी नावं तिने धोंड्यांसाठी ठेवली होती.

“हा कुणाचा?” ती सरळ होत म्हणाली.

“कोण कुणाचा?”

“हा आवाज. कुणाच्या पोटचा? आईबाप कळल्याशिवाय मी बारसं करायची नाही.”

मयूररावांचा पिसारा अर्धा उघडून मिटला. “कृष्णाबाईचे आईबाप विचारले होतेत का?”

“नाही. तेव्हा पाळण्यात धोंडे होते.”

“अहो, घुगऱ्या निवताहेत!” मागून अस्वल ओरडलं.

“आत्याबाई, दांडा आमच्या पायांत असतो,” थोरलं गिधाड म्हणालं. “आम्ही कधी कुरकूर केली का?”

“तुम्हाला पंख आहेत, मामा.”

“तेही खरंच. शिवाय पोरगं खाली पडलं तरी आमचं काही नुकसान नाही.” गिधाड प्रामाणिक होतं.

जंगलाचे राजे म्हणजे एक गवा. त्यांनी रवंथ थांबवला. “शोधा काय ते,” ते म्हणाले. “पण मुहूर्त चुकवू नका.”

आत्याने नदीकाठी दोन झाडांत दांडा अडकवून पाळणा वाळूपासून हातभर उंच टांगायला लावला. त्यात धोंडे भरले आणि दांड्याला कान लावून बसली. कुर्र केलं नाही, नुसतं ऐकलं. कधी आवाज येई, कधी दिवस दिवस येत नसे. जाणारे येणारे विचारत, “काय म्हणतंय बाळ?” माकडं तर रोज अंगाई गाऊन जात. खंडू तिला पाणी आणून देई आणि काही न विचारता शेजारी बसे.

अक्षय्यतृतीया आली. बाहेरगावचे पाहुणे आले, दिवसभर बसले, घुगऱ्या खाऊन परत गेले.

त्यानंतर एका दुपारी आवाज दांड्याच्या एका पेराजवळून आला. टक् टक्. आत्याने सुतार पक्ष्याला हाक मारली. त्याने तिथे चोच मारली आणि आतून पिवळा भुगा सांडायला लागला. सांडतच राहिला. किड्यांनी बांबू आतून खाल्ला होता, वरचं साल तेवढं शाबूत होतं. वजन आलं की आतला एकेक धागा तुटत होता.

आत्याने तो भुगा ओंजळीत घेतला आणि खंडूला दाखवला. खंडूने एकदा आभाळाकडे पाहिलं. मग त्याच्या अंगावरचे काटे आपसूक उभे राहिले आणि बराच वेळ खाली बसले नाहीत.

नवा बांबू तोडला. तो टांगून, धोंडे भरून ऐकला. आवाज नव्हता. वैशाखी पौर्णिमेला खंडू वर गेला, ढगांत दिसेनासा झाला आणि उन्हं कलायच्या आत परत आला.

“वर काय आहे?” राजांनी विचारलं.

“आणखी वर आहे,” खंडू म्हणाला.

टाळ्या थांबल्यावर मयूरराव पुढे झाले. “खंडोबा, वर काही आवाज आला?”

“नाही.”

“काही मोडलं?”

“नाही.”

“महाराज, ऐकलंत? धोका नव्हताच. मुहूर्त गेला, पाहुणे गेले, ते कशापायी?”

“अहो, दांडा बदलला म्हणून!” आत्या म्हणाली.

“जुना दांडा कधी मोडला होता का, आत्याबाई?”

“मोडायच्या बेतात होता.”

“मोडला होता का, तेवढं सांगा.”

“नाही,” आत्या म्हणाली.

राजांनी मान डोलावली.

खंडू जिवंत परत आला. मयूररावांना शाल आणि नारळ मिळाला. तानूआत्याला कामावरून काढलं. तिच्या जागी पढवलेलं तेवढंच बोलणाऱ्या मैनाबाईंची नेमणूक झाली.

तात्पर्य: मुलांनो, अपघात कधी टाळू नये. टाळलेला अपघात दरबारात दाखवता येत नाही.