टीव्हीकडं पाठ करून बसणारा तात्या

आमचा शेजारी भानुदास तात्या टीव्ही बघताना टीव्हीकडं पाठ करून बसतो. खोटं वाटत असेल तर कर्जतहून आमच्या वाडीची एसटी धरा आणि दिवेलागणीनंतर त्याच्या घरात डोकावा. विनोदाचा कार्यक्रम लागला, की तात्या पाट फिरवतो, काठी मांडीवर घेतो आणि घरच्यांच्या तोंडाकडं बघत बसतो. कुणी हसलं, की काठी त्याच्याकडं.

"का हसलीस?"

"आजोबा, त्यो बापाला टकल्या म्हनला."

"उद्या मला म्हनशील!"

"तुमाला केस हायेत की."

ही कोमल, त्याची नात. कर्जतच्या कॉलेजात जाते. जिभेला हाड नाही. तात्याचं पालुपद एकच, "ह्या खोक्यानं पोरं बिघडली." टीव्ही आता पाटीसारखा चपटा आहे, पण तात्याच्या तोंडी तो खोकंच. गाईनं दूध चोरलं तरी दोष खोक्याचा.

मी चौथीतून शाळा सोडली, पण मला कुणी काहीही पटवू शकत नाही. मी त्याला तोंडावर विचारलं, "तमाशात सोंगाड्या पाटलाची नक्कल करायचा नि आपन हसायचो, तवा पाटलाची किंमत कमी झाली का?"

"झाली की. व्हायलाच पायजे हुती," तात्या म्हणाला. "पन माझी कशाला?"

यंदा पोळ्याला देवळाच्या ओट्यावर पोरी जमल्या होत्या. कोमलनं काठी घेतली, गुडघा वाकवला आणि लंगडत ओरडली, "ह्या खोक्यानं पोरं बिघडली!" हुबेहूब तात्या. पोरी हसून लोळल्या. मीही हसलो, का नाही म्हणू? मागं बघतो तर तात्या उभा.

तो तसाच मागं फिरला. घरी गेला, टीव्हीची वायर काढली आणि कोपरीच्या खिशात कोंबली.

तेव्हापासून कोमल बदलली. "व्हय आजोबा", "न्हाई आजोबा". ताट वाढायची ते मान खाली घालून. घरातली बाकीची माणसं आपापला मोबाईल घेऊन आपापल्या कोपऱ्यात.

मी म्हणालो, "जितलास की गड्या. आता कशी आदबीनं वागतीया!"

"लई आदब झाली," तात्या म्हणाला. "माज्याच घरात मला पाव्हन्यावानी वाटाया लागलंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोमल अंगणात मेथी निवडत होती. तात्या गोठ्यातून निघाला. एरवी तो थोडासाच लंगडतो. त्या दिवशी त्यानं कंबरेपासून झोला दिला, काठी गरगर फिरवली आणि आभाळाकडं बघून ओरडला, "ह्या मेथीनं पोरं बिघडली!"

कोमलनं मान वर केली नाही. तात्या परत गोठ्यात गेला आणि परत निघाला. आता झोला दुप्पट. पडतोय की काय म्हणून मी भिंतीवरून उडी मारायच्या बेतात होतो.

"आजोबा!" कोमल एकदम फुटली. "तुमचा लंगडा पाय ह्यो न्हाई, त्यो!"

आणि मान मागं टाकून अशी हसली, की मला सरूवहिनी आठवली.

सरूवहिनी म्हणजे तात्याची बायको. घरात थोरली माणसं, निम्मा जन्म बिचारी तोंडाला पदर लावून हसली. घरात टीव्ही आला तोवर सासूसासरे गेले होते. एकदा कार्यक्रम बघता बघता तिचा पदर सुटला आणि ती तोंडभर हसली. त्या दिवसापासून तात्या पाट फिरवून बसायला लागला. मी कारण विचारलं तर म्हणायचा, "उजेड डोळ्याला बाधतो." वहिनी गेली, पाट काही पुन्हा टीव्हीकडं फिरला नाही.

कोमल हसली त्याच रात्री वायर जागेवर गेली. मी मुद्दाम जाऊन बसलो. काहीतरी पांचट विनोद झाला. कोमलला हसू आलं, तसा तिनं चटकन तोंडावर हात नेला. काठी येणार हे तिला ठाऊक.

काठी आली. तात्यानं तिच्या टोकानं तो हात हळूच खाली केला.